ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचे जुने छत उतरवताना : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीचे यंत्रमाग कारखाने, औद्योगिक वसाहतींतील जुन्या शेड, गोदामे आणि गावाकडचे गोठे यांवर दिसणारा राखाडी, नागमोडी सिमेंटचा पत्रा बहुधा ॲस्बेस्टॉसचा असतो. सिमेंटमध्ये साधारण आठ ते दहा टक्के पांढरे ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रिसोटाइल हे तंतुमय खनिज, मिसळून तो तयार होतो. पत्रा अखंड असेपर्यंत हे तंतू सिमेंटमध्ये बऱ्यापैकी जखडलेले राहतात; तो फोडला, कापला किंवा घासला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत सुटतात, तासन्‌तास तरंगत राहतात आणि श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. ॲस्बेस्टॉसिस (फुप्फुसे कडक करत जाणारा रोग), फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग हे त्याचे परिणाम असून ते दिसायला बहुधा २० ते ४० वर्षे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केलेली आहे, आणि ‘पांढरे ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी असते’ असे सांगणाऱ्यांकडे तुम्ही लक्ष न दिलेलेच बरे.

ब्रिटनमध्ये अधिक धोकादायक प्रकारचे ॲस्बेस्टॉस काढण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. आपल्याकडे मात्र हे काम प्रत्यक्षात पत्रेवाला, फॅब्रिकेटर किंवा पाडकामाचा ठेकेदार यांच्याकडे जाते आणि नाक्यावरून आणलेले गडी छतावर चढतात. हा लेख त्या गड्यांसाठी, त्यांच्या मुकादमांसाठी आणि ज्यांनी नुकतेच हे काम घ्यायला सुरुवात केली आहे अशा छोट्या ठेकेदारांसाठी लिहिला आहे. अशा कामांवर सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून उभे राहिल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे, आणि खालच्या पायऱ्यांचा क्रम त्याच मतावर आधारलेला आहे : हे काम शेवटापासून मागे आखावे लागते. उतरवलेला पत्रा कोठे जाणार हे ज्याला ठाऊक नाही, त्याने छताला शिडी लावू नये.

१. उतरवणे खरोखर आवश्यक आहे का, ते तपासा

पत्रा मजबूत असेल, तडे नसतील, पृष्ठभाग भुसभुशीत झालेला नसेल आणि त्यावर काही नवे काम करायचे नसेल, तर तो तसाच राहू देणे हा पुष्कळदा सर्वांत सुरक्षित मार्ग असतो. ठेकेदाराने गिऱ्हाइकाला असे सांगणे म्हणजे स्वतःचे काम घालवणे आहे, हे मला कळते. तरी ते सांगावे. उलट, पत्रे गळत असतील, कडा झडत असतील, वादळात काही फुटले असतील, किंवा मालकाला छतावर सौर पॅनेल बसवण्यासाठी भोके पाडायची असतील, तर पूर्ण छत एकदाच शिस्तीने उतरवणे हे वर्षानुवर्षे थोडेथोडे फोडत राहण्यापेक्षा चांगले.

शेवाळ आले म्हणून पत्रा तारेच्या ब्रशने घासणे किंवा जोरदार दाबाच्या पाण्याने धुणे, हा दुरुस्तीच्या नावाखाली होणारा सर्वांत वाईट प्रकार आहे. अशा धुण्यात वरचा सिमेंटचा थर निघून जातो आणि तंतू मिसळलेले पाणी आवारभर पसरते. ते पाणी वाळले की त्याची पुन्हा धूळ होते.

२. समोर आहे ते काय आहे, ते ओळखा

अलीकडे ॲस्बेस्टॉसविरहित तंतूंचे सिमेंट पत्रेही मिळतात आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतील फरक ओळखता येत नाही. ‘मी वीस वर्षे पत्रे लावतोय, हात लावला की कळते’ असे म्हणणारा माणूस प्रत्येक साइटवर भेटतो. त्याचा अनुभव पत्रा लावण्याचा आहे, तपासण्याचा नाही. खरेदीची पावती किंवा पत्र्यावरचा छाप स्पष्ट नसेल, तर दोनच मार्ग उरतात. एक, पत्रा ॲस्बेस्टॉसचाच आहे असे गृहीत धरून काम करायचे. दोन, राष्ट्रीय मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तपासून घ्यायचा. नमुना घेताना आधीच फुटलेल्या कडेजवळची जागा निवडावी, ती साबणाच्या पाण्याने भिजवावी, नाण्याएवढा तुकडा पकडीने अलगद मोडून एकात एक अशा दोन पिशव्यांत बंद करावा आणि मोडलेल्या जागेवर रंगाचा हात किंवा चिकटपट्टी लावावी. त्या वेळीही मुखवटा चढवलेला असावा.

या पायरीवरच एक मोठी सीमारेषा आखून घ्या. पत्रा हा घट्ट बांधलेला माल आहे. जुन्या बॉयलरचे आणि वाफेच्या नळांचे लपेट, भट्टीच्या दाराची ॲस्बेस्टॉस दोरी, तुळयांवर फवारलेला थर, जुन्या जहाजांच्या यंत्रघरातील आवरणे हा सगळा माल हाताने चुरगळला तरी भुकटी होतो आणि पत्र्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक तंतू सोडतो. मुंबईच्या दारूखान्यात किंवा गुजरातमधील अलंगमध्ये जहाजे तोडणाऱ्यांसमोर हाच प्रश्न असतो. अशा कामासाठी पूर्णपणे बंदिस्त तंबू, आतली हवा गाळून बाहेर टाकणारी यंत्रे, पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा आणि कामानंतर हवेचे नमुने तपासणे ही सारी तयारी लागते. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये, आणि छत उतरवता उतरवता असे काही आढळले, तर काम तेथेच थांबवून मालकाला लेखी कळवावे.

३. माल कोठे जाणार, ते चढण्यापूर्वी ठरवा

या टप्प्याला मी सर्वाधिक वेळ देतो, कारण सर्वाधिक घोटाळे येथेच होतात. उतरवलेल्या पत्र्याला मागणी असते. छत अर्धे उतरते न उतरते तोच कोणीतरी टेम्पो घेऊन दाराशी येतो आणि ‘चांगले पत्रे द्या, गोठ्यावर घालायचे आहेत’ म्हणतो. कारखान्याचा रखवालदार, ठेकेदाराचा नातेवाईक, शेजारचा शेतकरी, कोणीही असू शकतो. मालकाला वाटते की वाहतुकीचा खर्च वाचला. प्रत्यक्षात चाळीस वर्षे ऊन-पाऊस खाल्लेला, हुकांच्या भोकांपाशी तडकलेला पत्रा दुसऱ्याच्या डोक्यावर बसवला जातो आणि बसवताना तो पुन्हा कापला जातो. फुटके तुकडे राबिटात, म्हणजे पाडकामाच्या ढिगाऱ्यात, मिसळून रस्त्याच्या भरावात जातात, आणि एकदा तेथे गेलेला माल परत वेगळा काढता येत नाही.

केंद्र सरकारच्या घातक व इतर कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसच्या उत्पादनाशी निगडित नोंदींमध्ये टाकून दिलेल्या ॲस्बेस्टॉसचा उल्लेख आहे, आणि घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीविषयीच्या बाझल कराराच्या यादीतही ॲस्बेस्टॉस आहे. म्हणून हा माल साध्या पाडकामाच्या राबिटाबरोबर न पाठवता घातक कचऱ्याच्या सामाईक प्रक्रिया व साठवण केंद्रातील सुरक्षित भरावभूमीतच गेला पाहिजे. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. केंद्राशी आधी बोलून सदस्यत्व, दर टनाचे शुल्क, नमुना तपासणी आणि माल स्वीकारण्याची तारीख ठरवून घ्यावी. कारखाना असेल तर त्याच्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र बहुधा असते. त्यात या कचऱ्याचा उल्लेख आहे का, ते पाहावे आणि नसेल तर मालकाला मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे अर्ज करायला लावावे. गृहनिर्माण संस्था किंवा शाळा असेल तर असा कागद नसतो. अशा वेळी संस्थेच्या सचिवाने किंवा मुख्याध्यापकाने प्रादेशिक कार्यालयाला पत्र देऊन, विल्हेवाट कशी लावायची याचे उत्तर लेखी मिळवावे.

वजनाचा अंदाज आधीच काढा, नाहीतर दरपत्रक चुकते. सहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला साधारण १३ ते १४ किलो भरते. जमिनीवर ५०० चौरस मीटर दिसणाऱ्या शेडचे छत उतारामुळे आणि एकमेकांवर चढलेल्या कडांमुळे प्रत्यक्षात जास्त भरते, म्हणजे साडेसात ते आठ टन माल, आणि शिवाय रिजचे (छताच्या माथ्यावरच्या जोडाचे) तुकडे, पन्हळीतला गाळ, वापरलेले पोशाख आणि प्लास्टिक. हा सगळाच माल त्याच केंद्रात जाणार असतो. दर सांगताना केंद्राचे शुल्क वेगळ्या ओळीत दाखवा. ते मजुरीत मुरवले की गिऱ्हाइक घासाघीस करते आणि कात्री नेमकी त्याच रकमेला लागते.

या टप्प्यावर फाइलमध्ये पुढील कागद असावेत :

– मालकाशी केलेला करार, ज्यात उतरवलेला एकही पत्रा विकला किंवा दिला जाणार नाही, असे स्पष्ट लिहिलेले असेल.
– प्रयोगशाळेचा अहवाल, किंवा माल ॲस्बेस्टॉसचाच धरून काम करत असल्याची लेखी नोंद.
– मंडळाचे संमतीपत्र वा पत्रव्यवहार, आणि केंद्राचे स्वीकृतिपत्र.
– घातक कचरा वाहून नेण्याची परवानगी असलेल्या वाहतूकदाराची कागदपत्रे.
– कामाची पद्धत पायरीवार सांगणारा आराखडा, ज्यात उंचीवरच्या कामाचा आणि आपत्कालीन सुटकेचा भाग असेल.
– प्रत्येक कामगाराची ओळख, विमा किंवा राज्य कामगार विमा योजनेची नोंद आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल.

भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ११७६८ हे ॲस्बेस्टॉसच्या टाकाऊ मालाच्या विल्हेवाटीविषयी, तर आयएस ११७६९ चा पहिला भाग ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या सुरक्षित वापराविषयी आहे. आराखडा लिहिताना दोन्ही हाताशी ठेवा.

४. साधने जमवा

महागडी यंत्रे या कामाला फारशी लागत नाहीत. शेतात औषध मारायला वापरतात तो पाठीवरचा फवारणी पंप येथे उत्तम चालतो. मात्र तो नवा घ्यावा, कीटकनाशकाला वापरलेला पंप आणू नये. पाण्यात भांडी घासण्याचा द्रव साबण थोडा मिसळला की पाणी पत्र्यावरून ओघळून न जाता त्यात मुरते. याशिवाय पुढील वस्तू लागतात :

– बोल्ट कापण्याची लांब दांड्याची कात्री, हातपाना आणि गंज सोडवणारे तेल.
– छतावर आडव्या टाकायच्या रुंद चालफळ्या, परांची किंवा सिझर लिफ्ट, खाली बांधायची सुरक्षा जाळी, पूर्ण अंगाचे हार्नेस आणि कैचीला (छत पेलणाऱ्या तिकोनी सांगाड्याला) बांधता येईल अशी जीवनदोरी.
– किमान २५० मायक्रॉन जाडीचे प्लास्टिक कापड, जाड पिशव्या, रुंद चिकटपट्टी आणि लाकडी पॅलेट.
– अतिसूक्ष्म कण अडवणारा हेपा फिल्टर असलेला, घातक धुळीसाठीच बनवलेला व्हॅक्यूम क्लीनर.
– टोपीसह एकदाच वापरायचे धूळरोधक पोशाख, हातमोजे, बिनलेसचे गमबूट, भरपूर फडकी आणि बादल्या.

काय आणू नये, याची यादी छोटी आणि कडक आहे : अँगल ग्राइंडर, हातोडा, झाडू आणि कॉम्प्रेसरची हवेची नळी. औद्योगिक वसाहतींत सुट्टी होताना त्या नळीने कपड्यांवरची धूळ उडवण्याची सवय सगळ्यांना असते. साइटवर नळी दिसली की ती वापरली जाणारच, म्हणून ती खोलीत कुलूपबंद ठेवलेली बरी.

५. मुखवटा नीट बसवायला शिका

तोंडाला गुंडाळलेला गमछा, कापडी मास्क आणि दवाखान्यातला निळा मास्क यांचा ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसमोर काहीही उपयोग नाही. करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या एन-९५ वरही या कामासाठी विसंबू नका. अर्धा चेहरा झाकणारा रबरी मुखवटा आणि त्याला पी-३ किंवा पी-१०० दर्जाचे फिल्टर, ही छताच्या कामासाठी किमान पातळी समजा.

फिल्टर कितीही चांगला असला तरी हवा नेहमी सोपी वाट शोधते, आणि ती वाट गालाजवळच्या फटीतून जाते. दाढी असली की ही फट बंद होत नाही. दोन दिवसांचे खुंटदेखील पुरेसे असतात. मिशी मुखवट्याच्या आत राहत असेल तर चालते. दाढी काढणे शक्य नसलेल्या माणसाला वाद न घालता खालचे, मुखवटा न लागणारे काम द्यावे किंवा हवा पुरवणारा सैल टोपीचा मुखवटा आणून द्यावा. मुखवटा घातल्यावर दोन्ही तळव्यांनी फिल्टर झाकून श्वास आत ओढायचा. मुखवटा चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच चिकटून राहिला तर तो बसला, सुटला तर पट्टे पुन्हा आवळायचे. हे रोज, दर वेळी, एकमेकांसमोर उभे राहून करावे. पोशाखाची टोपी मुखवट्याच्या पट्ट्यांवरून ओढावी, म्हणजे शेवटी पोशाख आधी काढून मुखवटा तसाच तोंडावर ठेवता येतो.

तंबाखू हा आमच्या साइटवरचा खरा अडथळा असतो. माणूस मुखवटा खाली ओढून, पत्र्याला लागलेल्याच हातावर तंबाखू मळतो आणि गालात धरतो. बिडी-सिगारेटची गोष्ट आणखी गंभीर आहे, कारण धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या बेरजेहूनही बराच अधिक वाढतो. कामाच्या पट्ट्यात खाणे, पिणे, मळणे आणि ओढणे पूर्ण बंद ठेवून, ठरलेल्या वेळी नीट सफाई करून बाहेर येण्याची सुट्टी द्यावी. नुसती बंदी घातली की लोक लपून मळतात.

६. जागा तयार करा

शेड पूर्ण रिकामी करावी; जे हलवता येत नाही ते यंत्र प्लास्टिकने झाकून कडा चिकटवून टाकाव्यात. जमिनीवर प्लास्टिक अंथरावे. वीजपुरवठा मुख्य स्विचपासून बंद करून त्याला कुलूप लावावे, कारण तुम्ही वरून पाणी फवारणार आहात आणि जुन्या शेडमधले पंख्यांचे वायरिंग पत्र्याला लागूनच गेलेले असते. चारही बाजूंनी पट्टी ओढून मराठी आणि हिंदीत फलक लावावेत, आणि साइटवर इतर भाषा बोलणारे कामगार असतील तर त्यांना तोंडी समजावून सांगावे. शेजारच्या गाळ्यांना आदल्या दिवशी कळवून त्यांच्या खिडक्या बंद ठेवायला सांगावे.

हवामानाचा विचार करून तारीख धरा. पावसाळ्यात पत्रा आपोआप ओला राहतो खरा, पण शेवाळावरून पाय घसरतो. जोराच्या वाऱ्यात मोठा पत्रा हातात राहत नाही. एप्रिल-मेमध्ये, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, बंद पोशाख आणि मुखवटा घालून दुपारी छतावर काम करवून घेणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. उन्हाळ्यात काम टाळता येत नसेल तर पहाटे सुरू करून उन्हे चढण्यापूर्वी थांबावे आणि दिवसांची संख्या वाढवावी.

७. पत्रा उतरवा

ॲस्बेस्टॉसची धूळ माणसाला काही दशकांनी गाठते. पत्रा मात्र त्याच क्षणी मारतो. जुना सिमेंटचा पत्रा वरून दणकट दिसतो, पण तो माणसाचे वजन पेलेलच याची खात्री कधीही नसते. ‘बोल्टच्या रांगेवरून चाला, खाली पर्लिन आहे’ (पर्लिन म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो ती आडवी तुळई) हा जुना सल्ला आहे आणि तो देणारा कोणीतरी दर वर्षी कोठेतरी खाली पडतो. म्हणून शक्य असेल तेथे छतावर चढूच नये. परांची किंवा सिझर लिफ्टवरून, पत्र्याच्या खालून काम करावे. चढावेच लागले तर किमान दोन पर्लिनवर टेकतील अशा चालफळ्या, खाली जाळी आणि हार्नेसची दोरी कैचीला, अशी तिन्ही तजवीज असावी. दोरी कधीही पत्र्याच्या हुकाला अडकवू नये. रंगाने झाकलेले प्रकाशपत्रे, म्हणजे उजेडासाठी मध्येमध्ये बसवलेले पारदर्शक पत्रे, तर वरून ओळखूही येत नाहीत. ते आधी खालून पाहून त्यांच्यावर खूण करावी.

ज्या क्रमाने पत्रे बसवले त्याच्या उलट क्रमाने ते निघतात. आधी रिज, मग वरची ओळ, मग तिच्याखालची. काम सुरू करण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी फवारणी करून थोडा वेळ थांबावे. घाईत मारलेले पाणी नुसता रंग गडद करते, आत मुरत नाही. पाण्याचा झोत नको, तुषार हवेत.

आता खरा हातखंड्याचा भाग येतो, तो म्हणजे जे-हुक, पत्रा पर्लिनला धरून ठेवणारा वाकडा बोल्ट. पत्र्यावर डांबरी वॉशर, त्यावर पत्र्याची टोपी आणि गंजून एकजीव झालेला नट अशी रचना असते. आदल्या दिवशी तेल सोडून ठेवले तर चारातला एखादा नट पान्याने फिरतो. उरलेल्यांच्या बाबतीत हातोड्याचा मोह होतो, आणि एका घावात हुकाच्या भोकाभोवतीचा पत्रा तडकून तळहाताएवढा तुकडा खाली जातो. त्याऐवजी हुकाच्या आजूबाजूला पुन्हा फवारणी करून, वॉशरखाली कात्रीचा जबडा सरकवून हुकाची मान कापावी, किंवा खालून पर्लिनजवळ हुक कापून तो वर ढकलावा. कापताना पत्र्याचा भार दुसऱ्या माणसाने धरलेला असावा, नाहीतर शेवटचा हुक सुटताच पत्रा सरकतो. डांबर पत्र्याला चिकटून असेल तर ते खरवडू नका. हुकाचा तुकडा पत्र्यासकटच जाऊ द्या. भंगारात त्या लोखंडाचे चार पैसे येतील म्हणून ते सोडवत बसणारे गडी मी पाहिले आहेत, आणि त्या चार पैशांसाठी त्यांनी त्या दिवशीची सर्वांत जास्त धूळ केली होती.

सुटलेला पत्रा दोघांनी उभ्या कडेने धरावा, वर उचलून शेजारच्या पत्र्यापासून वेगळा करावा. ओढू नये, कारण कडा एकमेकींवर घासतात. तीन मीटरचा पत्रा कोरडा असताना सुमारे चाळीस किलोचा असतो आणि भिजल्यावर आणखी जड होतो. तो कधीही वरून खाली टाकायचा नाही, घसरगुंडीवरून सोडायचा नाही. लिफ्टवर किंवा दोराने बांधलेल्या चौकटीवर आडवा ठेवून उतरवावा. फुटलाच तर काम थांबवून तुकडे लगेच भिजवावेत, हाताने उचलून पिशवीत भरावेत आणि मगच पुढच्या पत्र्याला हात लावावा. ‘संध्याकाळी एकदमच गोळा करू’ म्हणून सोडलेले तुकडे तोवर बुटांखाली भुकटी झालेले असतात.

शेवटी पन्हळ. वर्षानुवर्षे पत्र्यावरून धुपलेले तंतू पन्हळीतल्या काळ्या गाळात साठलेले असतात. तो गाळ ओला असतानाच काढून पिशवीत भरावा.

८. बांधा आणि खूण लावा

पॅलेटवर प्लास्टिक अंथरून त्यावर ओले पत्रे आडवे रचावेत, दोन्हीकडून प्लास्टिक दुमडून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि त्यावर दुसरे आवरण चढवावे. गठ्ठा किती उंच करायचा, हे क्रेन किंवा फोर्कलिफ्टच्या क्षमतेवरून आधी ठरवा. फार जड गठ्ठा मागाहून सोडून पुन्हा बांधावा लागतो. पिशवीत मावावेत म्हणून पत्र्याचे तुकडे करू नका. आधीच फुटलेले टोकदार तुकडे पिशवी फाडतात, म्हणून ते पिंपात किंवा दुहेरी पिशवीत घालावेत. प्रत्येक गठ्ठ्यावर २०१६ च्या नियमांतील नमुना ८ प्रमाणे लेबल लावावे, आणि ते पाण्याने पुसले जाणार नाही अशा शाईने लिहिलेले असावे. साठवण बंद आणि कुलूप असलेल्या जागी करावी. नियमांनुसार मंडळाने मुदत वाढवून दिल्याशिवाय ती ९० दिवसांपेक्षा लांबवता येत नाही.

९. साइट स्वच्छ करा, मग स्वतःला

कैच्या, पर्लिन आणि भिंतीच्या वरच्या कडांवर धूळ बसलेली असते. ती व्हॅक्यूमने ओढावी, मग ओल्या फडक्याने पुसावी. फडके एकदा वापरले की पिशवीत जाते, बादलीत पिळून पुन्हा वापरायचे नाही. जमिनीवरचे प्लास्टिक भिजवून, आतल्या बाजूला गुंडाळत उचलावे. नव्या पत्र्याचे गडी आले म्हणून ही पायरी उरकण्याची घाई होते. त्यांना एक दिवस उशिराचीच वेळ द्या.

माणसांच्या सफाईचा क्रम बदलू नका. पोशाखावरून आधी व्हॅक्यूम फिरवावा, मग ओल्या फडक्याने तो आणि बूट पुसावेत, मग मुखवटा तोंडावर ठेवूनच पोशाख डोक्याकडून पायांकडे, आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवावा आणि हातमोज्यांसह पिशवीत टाकावा. त्यानंतर तोंडावर मुखवटा असतानाच डोक्यावरून पाणी घ्यावे, आणि सर्वांत शेवटी मुखवटा काढून धुवावा. साइटवर नळ नसेल तर ताडपत्रीचा आडोसा, पाण्याची टाकी आणि मग्गा एवढ्यावर हे भागते.

कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधीही पाऊल न टाकलेल्या, पण नवऱ्याचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. पोशाखाच्या आत घालायला ठेकेदाराने वेगळे कपडे द्यावेत आणि त्यांची व्यवस्था साइटवरच करावी.

१०. माल रवाना करा आणि निळ्या प्रतीची वाट पाहा

माल निघताना नमुना १० मधील मॅनिफेस्ट, म्हणजे मालाबरोबर जाणारे नोंदपत्र, सात प्रतींत भरायचे असते आणि प्रत्येक प्रतीला रंग ठरलेला आहे. पांढरी प्रत माल पाठवणारा मंडळाकडे देतो, पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन स्वतःकडे ठेवतो, उरलेल्या पाच ट्रकबरोबर जातात. गुलाबी प्रत केंद्राकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी केंद्राकडून मंडळाकडे जाते आणि निळी माल पाठवणाऱ्याकडे परत येते. राखाडी प्रत माल परराज्यातून आला असेल तरच लागते. चालकाजवळ नमुना ९ मधील आपत्कालीन माहितीपत्रही हवे. कागदाऐवजी संगणकावर मॅनिफेस्ट भरले जात असले तरी ही साखळी तीच असते.

मालक बहुधा पिवळ्या प्रतीवर समाधान मानतो, कारण ट्रक फाटकाबाहेर गेलेला त्याने पाहिलेला असतो. पिवळी प्रत फक्त माल निघाल्याचे सांगते, पोहोचल्याचे नाही. ट्रक वाटेत कोणत्या ओढ्याकाठी रिकामा झाला का, याचे उत्तर निळ्या प्रतीत आणि केंद्राच्या वजनकाट्याच्या पावतीत असते. तुम्ही काढलेला अंदाज आणि पावतीवरचे वजन ताडून पाहा. ओल्या मालामुळे वजन थोडे वाढलेले चालेल, पण टन-दोन टन कमी भरले तर वाहतूकदाराला जाब विचारायलाच हवा. निळी प्रत येईपर्यंत वाहतूकदाराचे शेवटचे बिल देऊ नये, ही अट करारातच घालावी.

११. कामगाराची नोंद जपा

काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कामगाराच्या छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसक्षमतेची चाचणी करून घ्यावी आणि पुढे ठरावीक काळाने ती पुन्हा करावी. ॲस्बेस्टॉसिस हा २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितेने जागा घेईपर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत अधिसूचनीय, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेला, रोग म्हणून नोंदलेला होता आणि कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातही धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसरोगांमध्ये त्याचे नाव आहे. पण पंचवीस वर्षांनी खोकला सुरू झालेल्या माणसाला आपण कधी, कोठे, कोणाकडे हे काम केले, ते सिद्ध करावे लागते, आणि नाक्यावरून कामाला आलेल्या माणसाकडे हजेरीचा कागददेखील नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात दिलेल्या निकालात असे ठरवले की, कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सोडल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपली पाहिजे. तो निकाल ॲस्बेस्टॉस उद्योगासंबंधी असला तरी छोट्या ठेकेदारानेही हाच दंडक पाळावा, असे मी सांगतो. साइटचा पत्ता, तारखा, कामाचे स्वरूप, वापरलेला मुखवटा आणि तपासणीचे अहवाल एका पानावर लिहून त्याची सही-शिक्क्याची प्रत कामगाराच्या हातात द्या. तुम्ही कामगार असाल तर ती मागून घ्या, शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवा आणि पुढे कधीही छातीच्या दुखण्यासाठी दवाखान्यात गेलात, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ती आधी त्यांच्यासमोर ठेवा.